वार्षिक शुल्काचं क्रेडिट कार्ड: ठेवायचं, खालच्या प्रकारात न्यायचं की बंद करायचं?

स्टेटमेंटमध्ये वार्षिक शुल्काची ओळ छापून आली की माणूस खडबडून जागा होतो. मग कस्टमर केअरला फोन, चिडचिड, आणि शेवटी ‘जाऊ दे, या वर्षी भरून टाकू’. ठरवण्याची खरी वेळ त्याआधी महिना-दीड महिना असते. तेव्हा शुल्क लागलेलं नसतं, खर्चावर जमलेले पॉइंट शाबूत असतात, शुल्कमाफीसाठी लागणारी खर्चाची मर्यादा गाठायला थोडा अवधी असतो आणि बँकेशी बोलताना हात दगडाखाली नसतो. पुढे लिहिलंय ते भारतातल्या बँकांच्या कार्डांबद्दल आहे. इथले नियम कार्डधारकाच्या बरेच बाजूने आहेत, पण ते माहीत नसल्यामुळे लोक उगाच वर्षानुवर्षं शुल्क भरत राहतात.

आधी तारीख शोधा

शुल्क कॅलेंडरच्या वर्षाप्रमाणे लागत नाही आणि आर्थिक वर्षाप्रमाणेही नाही. कार्ड ज्या महिन्यात मंजूर झालं, त्या महिन्यापासून कार्डाचं वर्ष मोजतात. कार्डावर छापलेल्या मुदतीच्या तारखेचा याच्याशी संबंध नाही. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गेल्या वर्षीची स्टेटमेंटं उघडायची आणि शुल्काची ओळ कोणत्या महिन्यात आहे ते पाहायचं. पहिलंच वर्ष असेल तर ॲपमध्ये ‘सदस्यत्व कधीपासून’ हे दिसतं, किंवा सरळ बँकेला विचारायचं. त्या तारखेच्या ४५ दिवस आधीचा रिमाइंडर मोबाइलमध्ये लावून ठेवा. ४५ अशासाठी, की यात एक पूर्ण बिलिंग सायकल (एका बिलापासून पुढच्या बिलापर्यंतचा काळ) बसते, पॉइंट वापरायला आणि ऑटो-पे (कार्डावरून आपोआप कापली जाणारी बिलं) हलवायला वेळ मिळतो, आणि कार्ड बंद करायचंच ठरलं तर तेही शुल्काआधी पार पडतं.

शुल्काचा आकडा जाहिरातीतला धरू नका. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ९९९ चे जवळजवळ १,१७९ होतात, ५,००० चे ५,९०० आणि १२,५०० चे १४,७५०. पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर करायचा.

एक वर्ग मात्र या हिशोबाच्या बाहेर आहे. तुम्ही दरमहा पूर्ण बिल भरत नसाल आणि थकबाकी पुढे ओढत असाल, तर पॉइंट, लाउंज (विमानतळावरचा विश्रामकक्ष), व्हाउचर यांचा विचार सोडून द्या. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाला ४२ टक्क्यांच्या घरात. कोणत्याही कार्डाचा परतावा त्याच्या जवळपासही पोचत नाही. आधी थकबाकी संपवायची, आणि तोवर हातात शुल्काचं कार्ड ठेवायचं काही कारण नाही.

गेल्या वर्षीचं विसरा, येणाऱ्या वर्षाचं लिहा

इथे बहुतेकांचा हिशोब फसतो. कार्डाने ‘मला खूप दिलं’ असं सांगणारे लोक बहुधा पहिल्या वर्षाबद्दल बोलत असतात. वेलकम व्हाउचर, जॉइनिंगचे पॉइंट हे एकदाच मिळतात. दुसऱ्या वर्षाचं शुल्क भरायचं की नाही हे ठरवताना त्यांची किंमत शून्य. त्यामुळे वहीत किंवा एक्सेलमध्ये फक्त येत्या बारा महिन्यांत काय मिळेल तेवढंच लिहा.

दुसरी चूक याहून बारीक आहे. कार्डाने दिलेला सगळा परतावा त्याच कार्डाच्या खात्यात जमा धरायचा नसतो. हे कार्ड नसतं तर तोच खर्च तुम्ही दुसऱ्या कार्डावर केला असता, आणि तिथेही काहीतरी मिळालंच असतं. शुल्काच्या कार्डाची खरी कमाई म्हणजे या दोहोंतला फरक.

उदाहरण घेऊ. समजा कार्डाचं शुल्क ५,००० आहे, म्हणजे जीएसटीसह ५,९००. पॉइंट विमानाच्या तिकिटांसाठी वापरले तर परतावा साधारण २ टक्के पडतो. तुमच्याकडे दुसरं, आजीवन मोफत कार्ड आहे, ते सरसकट १ टक्का कॅशबॅक देतं. पॉइंट मिळतील असा तुमचा वर्षाचा खर्च २,४०,०००. शुल्काच्या कार्डावर ४,८०० मिळतील, मोफत कार्डावर २,४०० मिळाले असते. म्हणजे कार्डाची खरी भर २,४०० ची. वर्षात चार वेळा लाउंज वापराल. लाउंजच्या प्रवेशाची छापील किंमत धरू नका. लाउंज नसतं तर तुम्ही विमानतळावर खाण्यापिण्यावर खिशातून किती खर्च केला असता ते धरा. समजा दर खेपेला ३००, म्हणजे १,२००. नूतनीकरणाला २,००० चं एक व्हाउचर मिळतं, पण ते ज्या दुकानाचं आहे तिथे तुम्ही एरवी जात नाही. ते तुमच्यासाठी १,५०० चंच धरा, आणि खरं सांगायचं तर हेही उदारपणेच. बेरीज ५,१००. शुल्क ५,९००. कार्ड ८०० रुपये तोट्यात.

आता हेच पॉइंट तुम्ही तिकिटांऐवजी ॲपमधल्या कॅटलॉगमधून वापरता आणि तिथे परतावा ०.८ टक्के पडतो असं समजा. मग २,४०,००० वर मिळतात १,९२०, म्हणजे मोफत कार्डापेक्षाही ४८० कमी. लाउंज आणि व्हाउचर धरूनही बेरीज २,२२० वर येते आणि तोटा ३,६८० वर जातो. एकच कार्ड, एकच खर्च; पण पॉइंट कसे वापरता यावर निकाल फिरतो. म्हणून पॉइंटची किंमत बँकेच्या ‘जास्तीत जास्त’ दराने लावू नका. तुम्ही गेल्या खेपेला पॉइंट प्रत्यक्षात कशावर उडवले, तो दर लावा.

याच आकड्यांतून आणखी एक उपयोगी गोष्ट निघते. शुल्क वसूल व्हायला ५,९०० मधून लाउंजचे १,२०० आणि व्हाउचरचे १,५०० वजा जाता ३,२०० उरतात. दोन कार्डांतला फरक १ टक्क्याचा, म्हणजे वर्षाला ३,२०,००० चा खर्च या कार्डावर व्हायला हवा. हा तुमचा तळाचा आकडा. त्याच्या आसपासही पोचत नसाल, तर निर्णय झाला. फक्त ‘कसं बाहेर पडायचं’ हे उरलं.

हिशोबात सहज निसटणाऱ्या दोन गोष्टी. एक, परदेशी चलनातला खर्च: साध्या कार्डांवर बहुधा ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे रकमेवर जादा आकार, लागतो, महागड्या कार्डांवर २ टक्के किंवा त्याहून कमी. वर्षातून एकदा परदेशवारी असेल किंवा परदेशी सॉफ्टवेअरची बिलं जात असतील, तर हा फरक एकटाच शुल्क भरून काढू शकतो. दोन, लाउंज. बऱ्याच कार्डांवर आता आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच लाउंज मिळतं. तुमच्या कार्डाला ही अट असेल आणि तुम्ही ती पाळत नसाल, तर त्या रकान्यात शून्य लिहा.

शुल्कमाफीच्या खर्चाचा सापळा

‘वर्षाला अमुक लाख खर्च केलात तर शुल्क माफ’ ही अट बहुतेक कार्डांना असते. वरच्या उदाहरणातल्या कार्डाची मर्यादा ५ लाख धरू. आपोआप गाठली जात असेल तर प्रश्नच मिटला, कार्ड ठेवा. गंमत मधल्या पट्ट्यात आहे.

समजा वर्ष संपायला महिना उरलाय आणि तुमचा खर्च ४,६०,००० झालाय. उरलेले ४०,००० जर दुसऱ्या कार्डावर होणारच असलेल्या खर्चातून येणार असतील, किंवा पुढच्या महिन्यात भरायचाच असलेला विम्याचा हप्ता आत्ता भरून होणार असतील, तर जरूर करा. ५,९०० वाचतात आणि जातं जवळजवळ काहीच नाही. पण त्यासाठी नवा फोन घ्यायचा विचार मनात आला, तर थांबा. ५,९०० वाचवायला ४०,००० खर्च करणं म्हणजे बचत नव्हे, हे मी समोरच्याला सांगतो तेव्हा सगळे मान डोलावतात; वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात मात्र त्याच लोकांच्या घरी डबे येऊन पडतात.

आणि ज्यांचा खर्च २ लाखांच्याच आसपास आहे त्यांनी ५ लाखांच्या मागे लागूच नये. तिथे माफी हा मुद्दाच नाही.

मर्यादेत काय मोजतात ते अटींत वाचा. भाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, इंधन, ईएमआयमध्ये बदललेली खरेदी, सरकारी भरणा, काही बँकांत वीजबिल आणि विमासुद्धा, यांतलं बरंच काही वगळलेलं असतं. प्रत्येक बँकेची यादी वेगळी आणि ती बदलत राहते. शिवाय व्यवहार केला त्या दिवशी नव्हे, तर खात्यावर पक्का नोंदला जातो तेव्हा तो मोजला जातो. वर्षाच्या शेवटच्या दोन दिवसांत केलेली खरेदी पुढच्या वर्षात जाऊ शकते. आणि परत केलेल्या वस्तूंचे रिफंड आकड्यातून वजा होतात. म्हणून शेवटच्या आठवड्यावर विसंबू नका. मर्यादेच्या वर चार-पाच हजारांची मोकळीक ठेवा.

कार्डाच्या अटी बदलल्या तर

वर्षभर चांगलं चाललेलं कार्ड एका परिपत्रकाने निकालात निघू शकतं. ॲक्सिस बँकेचं मॅग्नस हे याचं ठळक उदाहरण. १ सप्टेंबर २०२३ पासून त्याचं वार्षिक शुल्क १०,००० वरून १२,५०० झालं, शुल्कमाफीची मर्यादा १५ लाखांवरून २५ लाखांवर गेली, आणि महिन्याला १ लाख खर्चावर मिळणारे २५,००० पॉइंट बंद झाले. ज्यांचा सगळा हिशोब त्या पॉइंटांवर उभा होता, त्यांच्यासाठी ते कार्ड एका रात्रीत वेगळंच झालं.

अशा वेळी रिझर्व्ह बँकेचा एक नियम कामाला येतो. क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयीच्या निर्देशांनुसार शुल्कातला बदल मागच्या तारखेने लावता येत नाही. किमान एक महिना आधी सूचना द्यावी लागते. आणि वाढलेल्या शुल्कामुळे कार्ड परत करायचं असेल, तर थकबाकी भरल्यावर बँक त्यासाठी जादा आकार लावू शकत नाही. म्हणजे बदलाचा ईमेल आला की तुमच्या हाती निदान महिना असतो. तो ईमेल ‘प्रमोशन’ च्या टॅबमध्ये पडून राहतो ही खरी अडचण. बँकेच्या नावाने एक फिल्टर लावून ठेवला तर चुकत नाही.

उलट दिशेचाही एक नियम आहे. ‘सर, आपलं कार्ड मोफत अपग्रेड होतंय’ असा फोन येतो आणि पुढच्या वर्षी शुल्क लागतं. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला कार्ड अपग्रेड करता येत नाही. तसं करून शुल्क लावलं, तर ते परत करून त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून तुम्हाला द्यावी लागते. फोनवर ‘हो हो, ठीक आहे’ म्हणताना सांभाळा, कारण तीच संमती ठरवली जाऊ शकते. पहिल्या वर्षानंतरचं शुल्क किती, हे तिथल्या तिथे विचारा.

बंद करण्याआधी एक फोन

हिशोब तोट्यात गेला तरी लगेच बंद करू नका. आधी बँकेला शुल्क माफ करण्याची संधी द्या. संवाद साधारण असा होतो:

‘कार्ड का बंद करायचंय, सर?’

‘वापर आहे, पण वार्षिक शुल्काइतका फायदा होत नाही. शुल्क माफ होत असेल तर ठेवतो, नाहीतर बंद करायची विनंती नोंदवा.’

‘सर, एक ऑफर दिसतेय. पुढच्या ९० दिवसांत ५०,००० चा खर्च केलात तर शुल्क परत मिळेल.’

आता घाई न करता चार गोष्टी विचारा. ९० दिवस आजपासून की शुल्क लागल्यापासून? ५०,००० मध्ये कोणते व्यवहार धरणार नाहीत? शुल्काबरोबर जीएसटीही परत येणार का? आणि हे सगळं एसएमएस किंवा ईमेलवर मिळेल का? चौथ्या प्रश्नाला ‘सिस्टममध्ये नोंद केलीय’ एवढंच उत्तर आलं, तर ऑफर नाहीच असं समजा. तक्रार क्रमांक तरी घ्याच. जीएसटीचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण स्टेटमेंटवर ५,००० जमा आणि ९०० तसेच राहिलेले मी अनेकांच्या बाबतीत पाहिलेत.

शुल्क लागून गेलं असेल तरी फोन करून पाहा. स्टेटमेंट आल्यावर काही दिवसांत विचारलं तर काही बँका ते उलटवतात. मात्र तो तुमचा हक्क नाही, बँकेची मर्जी आहे. म्हणूनच मी ४५ दिवस आधीचा आग्रह धरतो. आणखी एक: आवाज चढवून काही मिळत नाही. पलीकडच्या माणसाच्या स्क्रीनवर तुमच्या नावापुढे जी ऑफर आहे तीच तो देऊ शकतो. नसेल, तर आठवड्याने दुसऱ्यांदा फोन करा; कधीकधी दिसू लागते.

खाली उतरायचं की बाहेर पडायचं

माफी मिळाली नाही. आता दोन दारं आहेत: त्याच बँकेचं कमी शुल्काचं किंवा मोफत कार्ड घेणं, ज्याला सगळे डाउनग्रेड म्हणतात, किंवा कार्ड पूर्ण बंद करणं. माझा कल सहसा पहिल्याकडे असतो, पण नेहमी नाही. कारण समजून घेतलं तर तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

क्रेडिट स्कोअरवर कार्ड बंद केल्याचा परिणाम मुख्यतः कार्डाच्या उधारीच्या मर्यादेतून होतो. तुमच्या एकूण मर्यादेपैकी किती टक्के वापर दिसतो, हे स्कोअरमध्ये धरतात, आणि तो ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असा व्यवहारातला सल्ला असतो. तुमच्याकडे दोन वेगळ्या बँकांची कार्डं आहेत. एकाची मर्यादा ३ लाख, दुसऱ्याची १ लाख. महिन्याचं एकूण बिल ६०,०००. आज वापर १५ टक्के दिसतो. ३ लाखांचं कार्ड बंद केलं की तोच ६०,००० चा वापर ६० टक्के दिसू लागतो. तुम्ही बिल दरमहा पूर्ण भरत असलात तरी स्टेटमेंटच्या दिवशीची रक्कम क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, जाते, म्हणून हा आकडा दिसतोच. अशा परिस्थितीत डाउनग्रेड उत्तम. ते जमत नसेल, तर बंद करण्याआधी दुसऱ्या कार्डाची मर्यादा वाढवून घ्या.

पण एकाच बँकेची दोन-तीन कार्डं असतील तर चित्र वेगळं. बऱ्याच बँका सगळ्या कार्डांना मिळून एकच समाईक मर्यादा देतात. त्यातलं शुल्काचं कार्ड बंद केलं तरी त्या बँकेकडची तुमची मर्यादा तशीच राहते. इथे डाउनग्रेडचा खटाटोप करायला कारणच नाही. मोफत कार्ड हाताशी आहेच. ‘माझी मर्यादा समाईक आहे का, आणि हे कार्ड बंद केल्यावर उरलेल्या कार्डावर किती राहील’ एवढा एक प्रश्न बँकेला विचारला की निर्णयाचं अर्धं काम होतं.

कार्ड किती जुनं आहे याचीही लोक फार धास्ती घेतात. नीट भरलेलं, थकबाकी न ठेवता बंद केलेलं खातं क्रेडिट रिपोर्टमधून त्या क्षणी पुसलं जात नाही. त्याचा चांगला इतिहास पुढेही काही वर्षं दिसत राहतो. तेव्हा दोन वर्षांचं कार्ड बंद करताना फार विचार करू नका. पण ते तुमचं पहिलं आणि सर्वांत जुनं कार्ड असेल, आणि बाकीची सगळी कालची असतील, तर डाउनग्रेड करून ते खातं जिवंत ठेवणं शहाणपणाचं.

येत्या सहा महिन्यांत गृहकर्ज किंवा मोठं कर्ज काढायचं असेल तर कोणतंही कार्ड बंद करू नका, गरज पडली तर शुल्क भरूनसुद्धा. अनेक बँका गृहकर्जाचा व्याजदर स्कोअरनुसार ठरवतात. ४० लाखांच्या कर्जावर पाव टक्का म्हणजे पहिल्याच वर्षी सुमारे १०,००० रुपये. त्यापुढे एखाद्या कार्डाचं शुल्क काहीच नाही.

डाउनग्रेड मागताना काही गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्या, कारण प्रत्येक बँकेची तऱ्हा निराळी. जमलेले पॉइंट नव्या कार्डावर येतात की बुडतात? कार्डाचा क्रमांक बदलणार का? मर्यादा कमी होणार का? नव्या कार्डाचं शुल्क लगेच लागणार की पुढच्या वर्षी? आणि बँक ‘मोफत’ म्हणते तेव्हा ते पहिल्या वर्षापुरतं की आजीवन? आजीवन असेल तर ते शब्द लेखी हवेत. दुकानांच्या किंवा विमान कंपन्यांच्या नावाची भागीदारी कार्डं बऱ्याचदा दुसऱ्या प्रकारात बदलून मिळत नाहीत. तिथे बँक नवं कार्ड देऊन जुनं बंद करण्याचा मार्ग सुचवते. तोही चालतो, फक्त नवं कार्ड हातात येऊन सुरू होईपर्यंत जुनं बंद करू नका.

सरळ बंद करावं अशी कार्डंही आहेत. बँक डाउनग्रेडला तयार नाही आणि मर्यादा तुमच्या एकूण मर्यादेत किरकोळ आहे. किंवा कार्ड पडून राहतं आणि त्याची बिलं, तारखा, ओटीपी यांची फक्त डोकेदुखी आहे. किंवा पुढे कधीतरी याच बँकेचं कार्ड वेलकम बोनससह पुन्हा घ्यायचा बेत आहे. डाउनग्रेड करून परत वर चढलं तर सहसा वेलकम बोनस मिळत नाही.

बंद करण्याआधीची आवराआवर

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण पैसे इथेच सांडतात. पॉइंट पहिल्यांदा वापरा. खातं बंद झाल्यावर ते परत मिळतील ही आशा सोडा. व्हाउचर घेतलं असेल तर त्याचा कोड ईमेलवर आल्याची खात्री करा, आणि एअरलाइनकडे पॉइंट वळवले असतील तर तिथल्या खात्यात ते दिसेपर्यंत थांबा. पॉइंट वापरण्यावरही काही बँका छोटा आकार आणि जीएसटी लावतात. तो पुढच्या बिलात येतो हे लक्षात ठेवा.

मग कार्डावर चालू असलेले ईएमआय. कार्ड बंद करायचं तर उरलेलं मुद्दल एकरकमी भरावं लागतं आणि मुदतपूर्व बंद करण्याचा आकारही लागू शकतो. ईएमआयचे दोन-तीनच हप्ते उरले असतील तर ते संपेपर्यंत डाउनग्रेड हाच मार्ग पाहा. एखाद्या दुकानाकडून रिफंड यायचा असेल, किंवा एखाद्या व्यवहारावर तक्रार चालू असेल, तर ते मिटेपर्यंतही थांबा.

ऑटो-पे हलवणं सर्वांत वेळखाऊ. मोबाइल, वीज, ओटीटी, विमा, क्लाउड स्टोरेज, मुलांच्या ॲपची सदस्यत्वं. आठवून यादी केली तर दोन-तीन निसटतातच. गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं पुढे घ्या आणि दर महिन्याला किंवा वर्षाला परत येणारं प्रत्येक नाव टिपा. वर्षातून एकदाच कापली जाणारी रक्कम हमखास विसरली जाते, आणि ती विम्याची निघाली तर प्रकरण महागात पडतं. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर तेही काढा. ॲड-ऑन कार्ड (तुमच्याच खात्यावरचं जोडकार्ड) कुणाला दिलं असेल तर त्या व्यक्तीला आधी सांगा. मुख्य कार्डाबरोबर तेही बंद होतं, आणि हे त्यांना दुकानाच्या काउंटरवर कळणं बरं नव्हे. मुदत ठेवीवर घेतलेलं कार्ड असेल तर बंद झाल्यावर ठेवीवरचा बोजा उठवला गेलाय ना, हेही पाहावं लागतं.

शेवटी थकबाकी शून्य करा. ‘आत्ताचं बिल भरलं’ म्हणजे शून्य नव्हे. स्टेटमेंटनंतर झालेले व्यवहारही भरायचे. आधी कधी थकबाकी ओढली असेल, तर बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंतचं व्याज पुढच्या स्टेटमेंटमध्ये उगवतं. अशा वेळी एक आणखी स्टेटमेंट येऊ द्या आणि मगच विनंती करा. चुकून जास्त पैसे भरले गेले तर घाबरू नका. खातं बंद झाल्यावर जमा रक्कम बँकेने तुमच्या बँक खात्यात परत करायची असते.

विनंती आणि त्यानंतर

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार थकबाकी भरलेली असेल तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पूर्ण करावी लागते. त्याहून उशीर झाला तर खातं बंद होईपर्यंत दर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा. विनंतीसाठी हेल्पलाइन, ठरलेला ईमेल पत्ता, वेबसाइटवर ठळक दिसणारी लिंक, नेट बँकिंग, ॲप असे मार्ग बँकेने ठेवायचे असतात, आणि पोस्टाने अर्ज पाठवा असा आग्रह धरता येत नाही. मी फोनपेक्षा ईमेल किंवा ॲप पसंत करतो, कारण सात दिवस कधी सुरू झाले याचा पुरावा हातात राहतो. मजकूर दोन ओळींचा पुरे: कार्डाचे शेवटचे चार अंक, थकबाकी शून्य असल्याचा उल्लेख, आणि खातं बंद करून लेखी कळवावं ही विनंती. कारणं लिहीत बसू नका.

विनंतीनंतर बँकेचे फोन येतात. बऱ्याचदा आधी नाकारलेली माफी इथेच मिळते. आवडली तर घ्या, पण लेखी. नको असेल तर ‘विनंती कायम ठेवा’ एवढंच म्हणा. फोन उचललाच नाही म्हणून विनंती रद्द झाली, असंही घडतं. तेव्हा त्या आठवड्यात अनोळखी क्रमांकही उचला.

कार्ड नुसतं ड्रॉवरमध्ये टाकून देणं हा मार्ग नाही. वर्षभर न वापरलेलं कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँकेने सुरू करायची, ग्राहकाला कळवायचं आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर खातं बंद करायचं, असा नियम आहे खरा. पण त्यावर विसंबून राहिलात आणि मध्येच वार्षिक शुल्क लागलं, तर त्यावर विलंब आकार, मग व्याज, आणि शेवटी ब्युरोकडे ‘थकीत’ अशी नोंद. न वापरलेल्या कार्डाने स्कोअर बिघडतो तो असा.

बंद झाल्याचा ईमेल आणि थकबाकी नसल्याचा दाखला जपून ठेवा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. दीड-दोन महिन्यांनी तो काढा आणि कार्डापुढे ‘बंद’ लिहिलंय, शिल्लक शून्य आहे, याची खात्री करा. ‘सेटल्ड’ (म्हणजे तडजोडीने कमी रकमेत मिटवलेलं) असं दिसलं तर ताबडतोब बँकेला आणि ब्युरोला दुरुस्तीसाठी लिहा. पूर्ण भरलेल्या खात्यावर ती नोंद चुकीची आहे. दुरुस्तीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. बँकच दाद देत नसेल, तर तिच्याकडे लेखी तक्रार करून ३० दिवस झाल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. तिथे सोबत जोडायला लागतो तो त्या दोन ओळींचा ईमेल आणि बँकेने दिलेला तक्रार क्रमांक.